निरंक आणि निरोप नाही

भोरच्या आमच्या कार्यालयात पावसाळ्याचे चार महिने रोज सकाळी साडेसहाला एक काम असे आणि ते कोणालाही नको असे. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या गावांचे निरोप गोळा करायचे आणि 'आज गावोगाव' हे सदर तयार करायचे. पाऊस किती, रस्ता चालू की बंद, एसटी आली का, वीज आहे का. एका गावाला एक ओळ. साडेसातला सदर वाचकांच्या मोबाइलवर जाई, दुसऱ्या दिवशी अंकात छापून येई.

या सदराला कोणाचे नाव नसे. ते चुकले की मात्र फोन येत, आणि मोठ्या बातम्या चुकल्यावर येतात त्यापेक्षा जास्त येत. कामथडीहून भाजी घेऊन निघणारा टेम्पोवाला, पानशेतला शनिवारी गर्दी होईल की नाही याचा अंदाज घेणारा हॉटेलवाला, पुण्यात नोकरीला असलेली आणि ज्यांचे आई-वडील डोंगरात राहतात अशी माणसे, असे वाचक होते. त्यांना भाषा कशी आहे याच्याशी देणेघेणे नव्हते. ओळ खरी हवी होती.

गावोगावचे वार्ताहर मोबाइलवरून निरोप पाठवत. मुख्य कार्यालयाने अशी सोय केली होती की प्रत्येक निरोप त्या दिवसाच्या, त्या त्या गावाच्या नावाच्या फाइलमध्ये जाऊन पडे. मी उपसंपादक. एकेक फाइल उघडायची, मजकूर उचलायचा, शुद्धलेखन बघायचे, सदरात चिकटवायचा, फाइल बंद करायची, पुढची उघडायची. पाऊण तास लागे. ही गोष्ट मी बावन्नाव्या वर्षी आहे तशी सोडून दिली असती, पण उजवे मनगट दुखायला लागले आणि डॉक्टरांनी माउस कमी वापरा असे सांगितले.

पुण्याला मुख्य कार्यालयात संगणकांची व्यवस्था देशमाने पाहत. त्यांना फोन केला.

"मॅडम, हे तुम्ही रोज हातानं करता?"

"मग कशानं करायचं?"

"जे काम माणूस रोज त्याच क्रमानं करतो, ते माणसानं करू नये. पायऱ्या लिहून काढा. मी सांगतो त्या भाषेत लिहा. पुढचं संगणक बघेल."

ही भाषा म्हणजे शेल. संगणकात चित्रांवर टिचक्या मारून जे करतो तेच लेखी हुकमाने करण्याची ती जागा. पडद्यावर एक काळी खिडकी उघडते, तिच्यात एक ठिपका लुकलुकत असतो. त्याच्यापुढे हुकूम लिहायचा आणि एंटर दाबायचे. फाइल दाखव, फाइलची प्रत काढ, फाइलमधला अमुक शब्द शोध, ओळी अकारविल्हे लाव, असे लहान लहान हुकूम असतात. असे पाच-दहा हुकूम एकाखाली एक लिहून फाइल साठवली की तिला स्क्रिप्ट म्हणतात. मग त्या फाइलचे नाव लिहिले की सगळे हुकूम ओळीने पाळले जातात. यात गूढ काही नाही. कार्यालयातून बाहेर पडताना नव्या शिपायाला कामांचा कागद लिहून देतो, तसा तो कागद आहे. फरक इतकाच की नवा शिपाई कागदात राहिलेले स्वतःच्या अकलेने भरून काढतो, संगणक काढत नाही.

पहिल्या दिवशी देशमान्यांनी फोनवर एका फाइलची प्रत काढायला सांगितले. हुकूम लिहिला, एंटर दाबले.

"देशमाने, काही झालं नाही."

"काय दिसतंय?"

"काहीच नाही. नुसता ठिपका लुकलुकतोय."

"मग झालं काम. खिडकी गप्प बसली म्हणजे सगळं ठीक. चुकलं तरच बोलते."

"घरी याच्या उलट असतं."

"म्हणून तर मी ऑफिसात जास्त वेळ असतो."

फोल्डर उघडून पाहिले. प्रत निघालेली होती. गप्प बसली म्हणजे सगळं ठीक, हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. ती वही अजून आहे.

तीन आठवडे रोज दुपारी एक तास शिकत होते. कार्यालयातल्या मंडळींना तो विनोद वाटे. जाहिरात विभागाचे कदम येता-जाता विचारत, "काय म्हणतीय काळी खिडकी?" मी सांगे, "गप्प आहे." ते म्हणत, "मग तुमचं जमलं म्हणायचं." तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बारा ओळींची स्क्रिप्ट तयार झाली. तिचा अर्थ मराठीत असा होता: गावांच्या यादीतले एकेक गाव घे. त्या नावाची फाइल आहे का बघ. असेल तर तिच्यातली ओळ उचलून सदरात लिही. नसेल तर गावापुढे 'निरंक' लिही. यादी संपली की थांब.

निरंक हा कचेरीतला जुना शब्द. कळवण्यासारखे काही नसले की अहवालात तो लिहितात. आमचे बरेच वार्ताहर काही घडले नाही तर निरोपच पाठवत नसत. "काय न्हाई तर काय पाठवू?" असा त्यांचा प्रश्न असे, आणि तो बिनतोड होता. सदरात तर एकही ओळ मोकळी सोडता येत नव्हती. म्हणून फाइल नसेल तर निरंक.

हाताने काम करत असताना मी अशा गावापाशी थांबत असे. तिथला पाऊस आठवे, वार्ताहराचा स्वभाव आठवे, शंका आली तर शेजारच्या गावी फोन जाई. मग निरंक लिहिले जाई. देशमान्यांनी पायऱ्या लिहून काढायला सांगितल्या तेव्हा हे थांबणे मी लिहिले नाही. ती पायरी आहे, हे मला माहीतच नव्हते.

स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवली त्या सकाळी सदर चार सेकंदांत तयार झाले. कदम मागे उभे होते. ते खुर्ची ओढून बसले आणि "परत करा बघू" म्हणाले. परत केले. परत चार सेकंद. पत्रकारितेतल्या तीस वर्षांत दोन पुरस्कार मिळाले होते. त्या दोन्ही दिवसांपेक्षा त्या सकाळी जास्त बरे वाटले, हे नोंदवायला हरकत नाही.

आठ वाजता फोन आला. महुड्याचे एक वयस्कर वाचक होते.

"मॅडम, ह्यो बुद्रुक कुठं आला?"

"कोणता बुद्रुक?"

"तुमीच लिवलंय. बुद्रुक, निरंक. आनि खाली खुर्द, निरंक. आमचं महुडे बुद्रुक आनि महुडे खुर्द व्हतं कालपतुर. रातीत वाटनी झाली व्हय?"

सदर उघडून पाहिले. महुडे दोनदा, एकटे. एकाखाली बुद्रुक एकटा, दुसऱ्याखाली खुर्द एकटा. दोघेही निरंक. देशमान्यांना विचारले तेव्हा ते हसले. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा आली की शेलच्या लेखी एक नाव संपून दुसरे सुरू होते. नाव पुरे वाचायचे असेल तर ओळ अख्खी घे असे बजावून सांगावे लागते, नावाला अवतरणचिन्हांत बांधावे लागते. ज्या देशात ही भाषा तयार झाली तिथे गावांचे बुद्रुक-खुर्द नसावेत. आमच्याकडे दर चार-पाच गावांमागे एक जोडी आहे.

दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. त्यानंतर आठवडाभर कार्यालयात कोणी उशिरा आले की "बुद्रुक आले, खुर्द अजून यायचेत" असे चालले. त्या हसण्यात एक गोष्ट निसटली. बुद्रुक नावाचे गाव जगात नव्हते, त्याचा वार्ताहर नव्हता, त्याच्याकडून निरोप येणे शक्य नव्हते. तरी तिथे काहीही घडलेले नाही, असे माझ्या स्क्रिप्टने ठामपणे छापले होते. बातमीच्या धंद्यातल्या माणसाला तिथेच थांबायला हवे होते. मी अवतरणचिन्हे घातली आणि पुढे गेले.

विंझरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, पंधरा-सोळा घरांची एक वस्ती आहे. आम्ही तिला टेपवस्ती म्हणत असू. शेळ्या, मेंढ्या, थोडी गुरे, नाचणी. तिथला आमचा वार्ताहर कोंडिबा. शाळा सातवीपर्यंत, पण निरोप नेमका. फोनला रेंज यावी म्हणून तो रोज सकाळी एका खडकावर चढे आणि तिथून लिही: "पाऊस लई. वाट चालू. लाइट न्हाई." आम्ही 'लई'चे 'जोरदार' करत असू.

कोंडिबाची आई ठकूबाई हिला साखरेचा आजार. रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागे. ते औषध थंड ठेवावे लागते आणि वस्तीवर विजेचा भरवसा नव्हता. म्हणून कोंडिबाने बाटल्या विंझरला शेडगेनानांच्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. नानांची पिठाची गिरणी, आणि तेही आमचेच वार्ताहर. दर सोमवारी कोंडिबा खाली उतरे, आठवड्यापुरते औषध ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात घालून वर नेई. ही व्यवस्था चार वर्षे बिनचूक चालली होती.

त्या वर्षी आषाढातल्या एका सोमवारी तो उतरला नाही. आदल्या संध्याकाळी टेपाच्या वाटेवर दरड आली होती आणि वस्तीपर्यंत रेंज देणाऱ्या मोबाइल टॉवरची वीज गेली होती. खडकावर चढूनही फोन लागत नव्हता. यातले काही विंझरला कळले नाही. नानांनी त्याला दोनदा फोन केला, लागला नाही. मग त्यांनी जे करावे अशी आमची अपेक्षा असे तेच केले. सदर उघडले. सोमवारी तिथे होते: टेपवस्ती, निरंक. मंगळवारी आणि बुधवारी सकाळीही तेच. नाना निवांत राहिले.

बुधवारी दुपारी कोंडिबा डोंगराच्या दुसऱ्या धारेने चार तास फिरून विंझरला पोचला. औषध संपून दोन दिवस झाले होते आणि आई सकाळपासून बोलत नव्हती. नानांनी माणसे जमवली. ठकूबाईला घोंगडीच्या झोळीत घालून त्याच धारेने खाली आणले आणि दवाखान्यात पोचवले. ती शुद्धीवर यायला दोन दिवस लागले.

मला हे नानांच्या फोनवरून कळले. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर सोपे गेले असते.

"ताई, एक इचारायचं व्हतं. सोमवारी कोंडिबानं तुमाला निरोप कुठनं धाडला? फोन तर बंद व्हता."

"निरोप आला नव्हता, नाना."

"मंग निरंक कुनी लिवलं?"

"यंत्रानं."

"यंत्र वर जाऊन आलं व्हय?"

फोन ठेवला. वहीचे पहिले पान उघडले. गप्प बसली म्हणजे सगळं ठीक. काळ्या खिडकीबाबत ते खरे आहे. टेपवस्ती गप्प बसली तेव्हा तिथे दरड आली होती. खिडकीचा नियम मी डोंगराला लावला होता.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची ठरली. संपादकांनी मसुद्यात 'तांत्रिक कारणामुळे' असे शब्द घातले. मी ते काढायला सांगितले.

"मॅडम, सगळे हेच लिहितात."

"कारण तांत्रिक नव्हतं. मशिनला जे सांगितलं ते त्यानं केलं. सांगणारी मी होते."

"वाचकाला इतकं कशाला?"

"नाना वाचणार आहेत."

दुरुस्ती अशी छापली गेली: 'टेपवस्तीहून सोमवार ते बुधवार निरोप आला नव्हता. तरीही या सदरात तिच्यापुढे निरंक असे छापले गेले. ते खोटे होते. यापुढे निरोप न आल्यास तसे स्पष्ट लिहिले जाईल.' 'खोटे' या शब्दावर संपादक अडले होते. 'चुकीचे' लिहा म्हणाले. शेवटी 'खोटे' राहिले.

स्क्रिप्ट नव्याने लिहिली. या वेळी आधी कागदावर, थांबण्यासकट. फाइल नसेल किंवा रिकामी असेल तर गावापुढे 'निरोप नाही' असे जाईल. निरंक हा शब्द यंत्र स्वतःहून कधीच लिहिणार नाही. वार्ताहराने लिहिला तरच येईल. सदर बाहेर जाण्याआधी गप्प असलेल्या गावांची यादी माझ्या पडद्यावर येईल, आणि मी कळ दाबल्याशिवाय स्क्रिप्ट पुढे सरकणार नाही. तेवढ्या वेळात फोन करायचे. चार सेकंदांचे काम आता वीस मिनिटांचे झाले. देशमान्यांनी स्क्रिप्ट वाचली आणि म्हणाले, "मॅडम, वेग घालवलात."

"हो."

"राहू द्या तसंच," ते म्हणाले.

वार्ताहरांना बजावले की काही नसले तरी निरोप पाठवायचा, त्यात एकच शब्द लिहायचा. पहिल्या आठवड्यात निरांक, नीरंक, णिरंक, निल, ओके, आणि एका गावाहून नुसता अंगठा आला. हे सगळे ओळखायला स्क्रिप्टला शिकवले. एक धोका मात्र लक्षात आला. एखाद्या मोठ्या निरोपात हा शब्द मध्येच आला तर यंत्र सगळा निरोप टाकून नुसते निरंक लिहील. म्हणून आणखी एक अट घातली: अख्ख्या ओळीत तेवढा एकच शब्द असेल तरच. त्या अटीसाठी हुकमात एक अक्षर जास्त लिहावे लागते.

कोंडिबा तो शब्द लिहायला तयार झाला नाही. आई घरी आल्यावर त्याला फोन केला होता.

"मॅडम, त्यो शबुद माज्या हातून न्हाई लिवायचा. यकदा आमच्या नावावर पडलाय, तेवडा बास."

"मग काही नसलं तर काय लिहिणार?"

"काय न्हाई असं कदी आसतंय का? काईतरी आसतंयच."

मागून ठकूबाईचा आवाज आला. तिने फोन मागून घेतला.

"बाई, त्या तीन दिशी आमी हितं बरं नव्हतो, पर तुमच्या पेप्रात लई बरं व्हतो म्हनं."

"चूक झाली, आजी."

"व्हय. आता हितं बी बरी हाय. तसं लिवा."

त्यानंतर टेपवस्तीची ओळ सदरात सर्वांत लांब झाली. 'पाऊस हाय. शेळ्या आत. वाट निसरडी पर चालू.' 'ऊन पडलं. घोंगड्या वाळत घातल्या.' 'काल येक करडू झालं.' करडाची ओळ कापावी असे एका सहकाऱ्याने सुचवले. ती तशीच छापली. पुण्याहून दोन वाचकांचे फोन आले, करडू कसे आहे विचारायला.

पुढच्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी गप्प गावांच्या यादीत एकच नाव आले. टेपवस्ती. फोन केला, लागला नाही. नानांना केला, तो व्यस्त होता. कळ दाबली. साडेसातला सदर गेले: टेपवस्ती, निरोप नाही.

नानांना मी फोन करत होते तेव्हा ते स्वतः वर फोन करत होते. सदर पाहिल्यावर त्यांनी गिरणी बंद केली, बर्फ आणि औषध थर्मासमध्ये घातले, दोघांना बरोबर घेतले आणि निघाले. हे त्यांनी मला नंतर सांगितले. कोणी त्यांना जा म्हटले नव्हते. वस्तीखालच्या ओढ्यावरचा साकव, म्हणजे लाकडी पायपूल, वाहून गेला होता. पलीकडच्या काठावर कोंडिबा उभा होता, उतरायला वाट शोधत. दोर टाकून थर्मास पलीकडे ओढून घेतला गेला. ठकूबाईची सकाळची सुई उशिरा का होईना, त्याच दिवशी झाली.

त्यानंतर दोन वर्षांनी मी निवृत्त झाले. स्क्रिप्ट चालू आहे. तिच्या सुरुवातीला काही ओळी अशा आहेत की संगणक त्या वाचत नाही. पुढे हे काम करणाऱ्या माणसासाठी त्या लिहून ठेवायच्या असतात. तिथे लिहिले आहे: 'थांबण्याची ओळ काढू नये. कारण विंझरला शेडगेनानांना विचारावे.' नानांना अद्याप कोणी विचारलेले नाही. ओळही कोणी काढलेली नाही. अलीकडे विंझरच्या बाजूला एखादा दोन दिवस दिसला नाही की त्याच्याबद्दल 'निरोप नाही' म्हणतात आणि कोणीतरी त्याच्या घरी जाऊन येतो, असे नाना सांगतात.

साकव गेला त्या दिवशी दुपारी कोंडिबा ओढ्याकाठून वर गेला आणि रेंज येताच त्याने खडकावरून निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी मी स्क्रिप्ट पुन्हा चालवली आणि त्याच्या ओळीकडे पाहत बसले. जास्तीच्या त्या एका अक्षराने आपले काम केले होते. यंत्राने शेवटचा शब्द ओळखला नाही, निरोप कापला नाही, आहे तसा सदरात ठेवला. शुद्धलेखनाला मीही हात लावला नाही.

'वढ्याला पानी लई. साकव गेला. नाना आलं. अवशद पोचलं. आय बरी हाय. बाकी निरंक.'